रबराच्या एका एकराचा हिशेब

आमच्या नागपूरच्या वस्तीतील एका निवृत्त गृहस्थांच्या मोबाइलवर मध्यंतरी एक प्रस्ताव आला. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात दोन एकरांची ‘तयार’ रबर बाग विकायची होती. झाडे चिकावर आलेली, विहीर आहे, बागेपर्यंत रस्ता आहे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते की ऑगस्ट २०२४ मध्ये रबराचा भाव किलोला २४७ रुपयांवर गेला होता. ही शेवटची गोष्ट खरी आहे. २०११ मधला विक्रम त्या वेळी मोडला गेला. या गृहस्थांची काटोलकडे वडिलोपार्जित संत्र्याची बाग आहे. आंबिया बहराची फळगळ आणि मृग बहरासाठी झाडांना द्यावा लागणारा पाण्याचा ताण यांच्या चिंतेत ज्यांची हयात गेली, त्यांना ज्या झाडावर फळच धरावे लागत नाही अशा झाडाचे आकर्षण वाटले तर नवल नाही. त्यांचा प्रश्न साधा होता : एक-दोन एकर रबरातून वर्षाला खरोखर उरते किती?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण बाजारभावात शोधतात. माझ्या मते ते आधी टॅपिंगच्या, म्हणजे साल कापून चीक काढण्याच्या, मजुरीत शोधायला हवे, आणि ते का, हे कळण्यासाठी हे झाड पैसे कसे देते ते पाहावे लागेल.

फळ नाही, कापणी नाही, दूध काढावे तसे काम

रबराचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने तेथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंका आणि मलायाकडे गेली, आणि भारतात १९०२ मध्ये केरळमधील तट्टेकाड येथे व्यापारी लागवड सुरू झाली. आज जगातले बहुतांश नैसर्गिक रबर आशियातून येते. मूळ देश ब्राझील मात्र पानांच्या एका बुरशीजन्य रोगामुळे मागे पडला.

झाडाच्या सालीत बारीक नळ्यांचे जाळे असते आणि त्यात पांढरा चीक असतो. साल तिरकी कापली की हा चीक पन्हळीतून वाहावा तसा खालच्या वाटीत उतरतो. या कामाला टॅपिंग आणि ते करणाऱ्याला टॅपर म्हणतात. हे दोन शब्द कोकणातही तसेच रुळले आहेत. चिकात साधारण ३० ते ४० टक्के कोरडे रबर असते, बाकी बहुतांश पाणी. चीक गाळून, पाणी घालून पातळ करून, फॉर्मिक ॲसिडने साकळवतात, लाटणयंत्रातून काढून त्याच्या चपट्या शीट करतात आणि धुरावर वाळवतात. टायर कारखान्यांना लागणाऱ्या या शीटच्या प्रतीला व्यापारात आरएसएस-४ म्हणतात. नागपूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये. ही ‘रिब्ड स्मोक्ड शीट’ची आद्याक्षरे आहेत.

संत्र्याची बाग वर्षातून एकदा-दोनदा व्यापाऱ्याला दाखवून उक्ती देता येते. रबराचे तसे नाही. ती दुभती म्हैस आहे. पहाटे झाडाच्या आत दाब जास्त असतो तेव्हा चीक चांगला वाहतो, म्हणून टॅपर उजाडायच्या आत बागेत असावा लागतो. तो जमिनीपासून सव्वाशे सेंटिमीटर उंचीवर सुरू केलेल्या चिरेतून, डावीकडून उजवीकडे उतरत, दर खेपेला जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची साल काढतो. सुरी उथळ गेली तर चीक कमी मिळतो. ती खोल जाऊन सालीखालच्या वाढीच्या थराला लागली तर तेथे गाठी येतात आणि पुढे त्या जागी नीट साल भरत नाही. एका सकाळी कुशल टॅपर तीनशे ते चारशे झाडे उरकतो. म्हशीचे दूध काढणारा गडी आणि टॅपर यांत एक फरक मात्र आहे : गडी अडाणी निघाला तर त्या दिवसाचे दूध जाते, टॅपर अडाणी निघाला तर पुढची दहा वर्षे जातात.

सात वर्षे नुसता खर्च

झाड लावल्यापासून टॅपिंगयोग्य व्हायला केरळसारख्या अनुकूल प्रदेशातही सुमारे सात वर्षे लागतात. बागेतील साधारण ७० टक्के झाडांचा घेर ५० सेंटिमीटर झाला की टॅपिंग सुरू करावे, असा संकेत आहे. घाई केली तर खोड जाड होण्याऐवजी चीक देण्यातच झाडाची ताकद जाते. तोवर खत, तण, कुंपण आणि रोपांची मर हे सगळे खिशातून जाते. पहिली तीन-चार वर्षे ओळींमध्ये अननस किंवा केळी घेऊन थोडी भरपाई होते. पुढे सावली दाटली की तेही थांबते. त्यानंतर वीसएक वर्षे चीक आणि शेवटी लाकूड, असा हा अंदाजे सत्तावीस वर्षांचा प्रवास असतो.

आता एकराचा हिशेब

खालील आकडे एखाद्या ठरावीक बागेचे नाहीत. वास्तवाच्या जवळ जाणारी गृहीतके धरून मी मांडणी केली आहे. ज्याने त्याने आपले दर घालून ती पुन्हा करून पाहावी.

एका एकरात टॅपिंगची १८० झाडे धरू. भारतातील सरासरी उत्पादन हेक्टरी चौदाशे ते पंधराशे किलोच्या आसपास असते, म्हणजे एकरी ५६० किलो. त्यातला काही माल वाटीत व चिरेवर सुकलेला चीक म्हणून निघतो. त्याला स्क्रॅप म्हणतात आणि भाव कमी मिळतो. तो फरक वजा केला तर शीटच्या भावाने विकला गेला असा ५२५ किलो माल हाती राहतो. किलोला १८० रुपये भाव धरला तर वर्षाला ९४,५०० रुपये येतात.

खर्चात पहिला टॅपिंगचा. दर तिसऱ्या दिवशी टॅपिंग केले आणि पावसाचे, पानगळीचे दिवस वगळले, तर वर्षाला शंभर खेपा होतात. झाडामागे तीन रुपये मजुरी धरली तर दिवसाला ५४० आणि वर्षाला ५४,००० रुपये. खत, फवारणी, ॲसिड, वाट्या आणि पावसाळ्यात चिरेवर बांधायची प्लॅस्टिकची झालर यांसाठी आणखी १५,००० धरू. एकूण खर्च ६९,००० झाला आणि हातात २५,५०० उरले.

भाव १०० रुपयांवर आला तर उत्पन्न ५२,५०० होते आणि मालक वर्षाला साडेसोळा हजारांनी तोट्यात जातो. भाव २४० झाला तर उत्पन्न १,२६,००० आणि शिल्लक ५७,००० होते. म्हणजे १८० वरून २४० असा भाव तिसऱ्या हिश्शाने वाढला की नफा दुपटीहून अधिक होतो, आणि भाव पडला की तो तितक्याच वेगाने नाहीसा होतो. याचे कारण असे की टॅपरची मजुरी झाडांवर ठरते, भावावर नाही. बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी निम्म्या मालावर बाग दिली जाते, आपल्याकडच्या बटाईसारखी; त्यात धोका वाटला जातो, तसा चांगल्या वर्षाचा नफाही वाटला जातो.

आता हेच गणित स्वतः टॅपिंग करणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने मांडू. त्याच्या घरातून रोख जातात फक्त १५,०००. भाव १८० असताना त्याच्याकडे ७९,५०० राहतात, १०० असतानाही ३७,५००. रोखीचा तोटा व्हायला भाव ३० रुपयांच्या खाली जावा लागेल. मजूर लावणाऱ्याला तो १३१ वरच होतो. झाडे, जमीन, पाऊस आणि बाजार सगळे एकच असूनही एका बागेचा तळ ३० वर आहे आणि दुसरीचा १३१ वर. भारतातले बहुतांश रबर अर्ध्या-पाऊण हेक्टरच्या लहान बागांतून का येते, हे या फरकावरून लक्षात यावे.

सात वर्षांचा खर्च अजून धरलेलाच नाही. जमिनीची किंमत सोडून एकरी दोन लाख लागले आणि ते सरासरी पाच वर्षे गुंतून राहिले असे समजा. आठ टक्के व्याजाने चीक सुरू होईपर्यंत त्यांचे जवळपास २ लाख ९४ हजार होतात, आणि ते वीस वर्षांत फेडायचे तर वर्षाला सुमारे ३०,००० रुपयांचा हप्ता बसतो. मजूर लावणाऱ्याची शिल्लक होती २५,५००. म्हणजे १८० च्या भावाला त्याचा हप्ताही सुटत नाही. तो सुटायला भाव १८९ लागतो.

“पण शेवटी लाकडाचे पैसे येतातच ना?”

येतात. रबराचे लाकूड प्रक्रिया करून फर्निचर आणि प्लायवूडला वापरतात, आणि जुनी बाग तोडताना एकरकमी बरी रक्कम मिळते. मात्र आठ टक्के व्याजाच्या हिशेबात सत्तावीस वर्षांनी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत साडेबारा पैसे असते. लाकूड ही म्हातारपणीची मुदतठेव आहे; तिच्या भरवशावर आजचा संसार चालत नाही.

भाव कोण ठरवतो?

भारतात वर्षाला साडेआठ लाख टनांच्या आसपास नैसर्गिक रबर पिकते आणि चौदा लाख टनांच्या आसपास खपते. हे आकडे ऐकल्यावर सर्वसाधारण प्रतिक्रिया असते की, इतका तुटवडा असेल तर शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे. तुटवड्यामुळे भाव वाढतो हे खरे, पण बाहेरून माल आणण्याचा दरवाजा बंद असेल तरच. येथे तो उघडा आहे. थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि आयव्हरी कोस्टचा माल उपलब्ध असतो. सुक्या रबरावर २५ टक्के किंवा किलोला ३० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते आयात शुल्क लागते. समजा बाहेरचा भाव १७० आहे. २५ टक्क्यांनी साडेबेचाळीस रुपये होतात, म्हणून शुल्क ३० रुपयेच लागते आणि माल बंदरावर २०० च्या घरात पडतो. देशातला भाव त्याच्या फार वर गेला की कारखाने बाहेरून मागवतात. शिवाय निर्यातीच्या टायरांसाठी लागणारे रबर काही अटींवर शुल्कमुक्तही आणता येते. त्यामुळे केरळमधल्या कोट्टायमच्या रबर-बाजाराचा भाव बँकॉकच्या मागे फिरतो, बँकॉकचा चीनच्या मागणीमागे, आणि खनिज तेल स्वस्त झाले की कृत्रिम रबर स्वस्त होऊन या सगळ्यांना खाली ओढते.

विदर्भाला हे नवे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले तेव्हा आपल्या कापूसपट्ट्यात जी अस्वस्थता पसरली, तीच रबराच्या शेतकऱ्याला सदैव असते. गिरण्या आणि टायर कारखाने संघटित, संख्येने थोडे, आणि विकणारे लाखो. फरक एवढाच की कापसाला निदान कागदावर हमीभाव आहे आणि खरेदीला कापूस महामंडळ आहे.

मग रबराला हमीभाव का नाही?

रबराकडे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारांत शेतमाल म्हणून नव्हे, तर औद्योगिक कच्चा माल म्हणून पाहिले जाते, आणि केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ते नाही. शेतात उगवणारी आणि शेतकऱ्याने पिकवलेली वस्तू कागदोपत्री शेतमाल नसावी, हा विनोद केरळमध्ये कोणाला हसवत नाही. केरळ सरकारने २०१५ मध्ये स्वतःची योजना आणली : १५० रुपयांचा आधारभाव ठरवायचा आणि बाजारभाव त्याखाली असेल तर मधला फरक लहान उत्पादकाच्या खात्यात जमा करायचा. हा आधारभाव २०२४ मध्ये १८० वर आणि २०२५ मध्ये २०० वर नेण्यात आला. ही योजना त्या राज्यातील शेतकऱ्यांसाठी आहे. दोडामार्गातल्या बागेला ती लागू नाही, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

सात वर्षांचा फेरा

रबराच्या अर्थकारणातला सर्वांत फसवा भाग मला हा वाटतो. २०११ च्या एप्रिलमध्ये भाव २४० च्या आसपास होता. त्या काळातील तेजी पाहून आग्नेय आशियात लाखो लोकांनी रबर लावले. ही झाडे सात वर्षांनी, आणि सगळी एकदमच, चिकावर येतात. दरम्यान चीनची मागणी मंदावली, तेल उतरले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत भारतातला भाव शंभरच्याही खाली गेला. तेव्हा कंटाळून अनेकांनी बागा तोडल्या, नव्या लावल्या नाहीत, आणि त्या न लावलेल्या झाडांची उणीव पुढे भासू लागली. थायलंडमधील खराब हवामानाची त्यात भर पडून २०२४ चा उच्चांक झाला. कांद्यात हा फेरा चार-सहा महिन्यांत पूर्ण होतो आणि चूक दुरुस्त करता येते. रबरात एका चुकीसाठी मुलगा शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत थांबावे लागते.

आज एक नवा फेरा सुरू आहे. चार मोठ्या टायर कंपन्यांच्या पैशातून, रबर बोर्डाच्या मार्फत, ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालमध्ये दोन लाख हेक्टर नवी लागवड करण्याचा प्रकल्प २०२१ पासून हाती घेतलेला आहे. ती झाडे येत्या दशकभरात चिकावर येतील. म्हणजे आज रोप लावणारा माणूस आजच्या भावाने नव्हे, तर त्या वेळच्या भावाने माल विकणार आहे.

“कृत्रिम रबर असताना खऱ्या रबराला भविष्य आहे का?”

आहे. ट्रकचे आणि विमानाचे टायर फार तापतात, आणि ती उष्णता व ओझे सोसण्यात नैसर्गिक रबराची बरोबरी कृत्रिम रबराला करता आलेली नाही. मागणी टिकून राहील याविषयी मला शंका नाही. पण मागणी टिकणे आणि लहान उत्पादकाला नफा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रबराच्या शेतकऱ्याकडे एक हत्यार मात्र आहे, आणि ते संत्र्याच्या बागायतदाराकडे नाही. भाव पडला की त्याला टॅपिंग थांबवता येते. झाडावर फळ सडत नाही, माल कळमन्याच्या बाजारात पडून राहत नाही. साल शाबूत राहते आणि पुढे कापता येते. न काढलेला चीक म्हणजे एका अर्थी सालीत ठेवलेली बचत. २०१६ च्या सुमारास केरळमध्ये मजूर लावणाऱ्या अनेक बागा अशाच न कापता ठेवल्या गेल्या होत्या. अर्थात हे हत्यार घरात दुसरे उत्पन्न असणाऱ्याच्याच उपयोगाचे आहे.

नागपुरातच लावले तर?

नाही. रबराला वर्षभर विभागलेला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, दमट हवा आणि निचरा होणारी आम्लधर्मी जमीन लागते. आपल्याकडे साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि काळी जमीन पाणी धरून ठेवते. पालघर जिल्ह्यातील दापचरीच्या केंद्रात कोरड्या हवामानातील रबराचा अभ्यास झाला आहे. तेथेही उन्हाळ्यात पाणी दिल्याशिवाय झाडे नीट वाढत नाहीत, मग आपल्या हवेत काय होईल याची कल्पना करता येते. एक नाते मात्र आहे : संत्र्याचा डिंक्या आणि रबराची पावसाळी पानगळ ही दोन्ही दुखणी फायटोफ्थोरा नावाच्या एकाच कुळातील रोगकारकांमुळे होतात आणि दोन्हींवर बोर्डो मिश्रणाचाच आधार घेतला जातो.

आणि दोडामार्गाची ‘तयार’ बाग?

आमच्या शेजाऱ्यांकडे सातबारा आहे, त्यामुळे शेतजमीन घेण्यात त्यांना कायद्याची अडचण नाही. बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात ती असते. जमिनीच्या नोंदी मात्र तपासायला हव्यात. सावंतवाडी-दोडामार्ग हा पट्टा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग आहे, तेथील वृक्षतोडीचा विषय उच्च न्यायालयात गेलेला आहे आणि या भागात हत्तींचाही वावर आहे.

बागेत गेल्यावर झाडांची संख्या मोजण्यापेक्षा साल पाहावी. दर तिसऱ्या दिवसाच्या टॅपिंगने वर्षाला १५ सेंटिमीटर साल जाते, म्हणजे खोडाची एक बाजू आठ वर्षे पुरते. दिवसाआड कापले तर जेमतेम सहा. दोन्ही बाजूंची कोरी साल संपली की नव्याने भरलेल्या सालीवर काम करावे लागते, आणि ती साल कशी आहे हे आधीच्या टॅपरच्या हातावर अवलंबून असते. चिरेवर गाठी दिसत असतील किंवा चीर कापूनही कोरडी राहत असेल, तर बाग ‘तयार’ नसून आटत आलेली आहे. विकणाऱ्याने २०२४ च्या तेजीत जास्त माल काढण्यासाठी रोजच्या रोज साल खरवडली असेल, तर तेही खोडावर स्पष्ट दिसते.

दुसरा प्रश्न टॅपरचा. एक माणूस दिवसाला तीनशे झाडे करणार आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या झाडाकडे येणार, तर त्याला पूर्ण काम द्यायला नऊशे झाडे म्हणजे पाच एकर बाग लागते. दोन एकरवाल्याला टॅपर शेजारच्या बागांबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि शेजारी ठरवेल त्या दिवशी, त्या दराने घ्यावा लागतो. नागपूरहून दोडामार्ग हजारएक किलोमीटर आहे. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, फोन करून काम होते तसे येथे होत नाही, कारण पहाटे चारला साल किती खोल कापली गेली हे फोनवर दिसत नाही.

मी त्या गृहस्थांना प्रस्ताव पुन्हा वाचायला सांगितला. त्यात झाडांची संख्या होती, विहिरीची खोली होती, रस्त्याची रुंदी होती आणि २४७ चा भाव होता. टॅपर कोण आहे, किती वर्षे या बागेत कापतो आणि बाग विकल्यानंतर राहणार आहे का, यावर एक ओळही नव्हती. त्यांनी तेथूनच विक्रेत्याला फोन लावला. “ते तुम्ही आल्यावर बघू,” असे उत्तर आले.